तोरिबिओ पिंकाय आणि धुतलेला मदरबोर्ड

तोरिबिओ पिंकाय यांनी उभं आयुष्य ग्वायाकिलच्या बंदरावर जहाजांमध्ये औषध मारण्यात घालवलं. केळी न्यायला आलेल्या जहाजाच्या पोटात उतरायचं, नळीनं कोपरान्‌कोपरा भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी मेलेली झुरळं नि उंदीर फावड्यानं भरून वर आणायचे. अशा कामात माणूस निर्ढावतो, असं लोकांना वाटतं. तोरिबिओदादांचं उलटं झालं. त्यांना जगाचीच शिसारी बसली. कुणाच्या घरी गेले की आधी टेबलावरची चादर उचलून खाली बघायचे. पेला हातात दिला की हुंगायचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यांनी फक्त उकडलेली अंडी खाल्ली, कारण अंडं कवचात असतं आणि त्याला आचाऱ्याचा हात लागत नाही.

त्यांची बायको उबाल्दिना यावर पोट धरून हसायची. ती शाळेच्या दारात नारळाचं आईस्क्रीम विकायची. त्याच शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे, आणि आमचं घर त्यांच्या समोरच. "बाई, माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा जवळ घेतलं ना, तेव्हा आधी साबण दिला हातात!" असं ती भर गल्लीत ओरडून सांगायची आणि दादा दार लावून घ्यायचे.

मग उबाल्दिनाला झटका आला. उजवी बाजू गेली, त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच विरघळायचा. "तो... तो..." एवढंच निघायचं, म्हणजे तोरिबिओ. बाकी सगळं डाव्या हाताच्या खुणांनी. एवढी बडबडी बाई, तिची अशी दशा बघवत नसे.

तिच्यासाठी मी दिवाणखान्यात टीव्हीला जोडून एक कॉम्प्युटर बसवून दिला होता. शाळेनं मोडीत काढलेला, जुनाच. त्याच्या डिस्कवर तिच्या आवडीच्या मालिका, गल्लीतल्या नाचाचे व्हिडिओ, पिवळ्या जर्सीवाल्या फुटबॉल संघाचे जुने सामने आणि एक असा व्हिडिओ होता ज्यात ती स्वतः आईस्क्रीमच्या गाडीमागे उभी राहून एका पोलिसाला फैलावर घेतेय. तो ती रोज लावायची. टीव्हीत आयतं सगळं असतं हे मलाही माहीत आहे. पण तिथं दर दोन मिनिटांनी जाहिरात, दहा चौकोनांतून एक निवडायचा, आणि इंटरनेट गेलं की सगळंच गेलं. इथं डाव्या अंगठ्यानं एक बटण दाबलं की काम व्हायचं.

त्या वर्षी आमच्याकडे वीज तासन्‌तास जायची. एकदा अशीच गेलेली वीज धाडकन परत आली, कॉम्प्युटरमधून फट्‌ असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. दादा मला बोलवायला आले. मी झाकण उघडलं. मदरबोर्डावरचे ते छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर फुगून फुटले होते. ते मी बघतच होते, तेवढ्यात प्रोसेसरवरच्या पंख्याखाली काहीतरी हललं. पंखा काढला. खाली तपकिरी अंड्यांच्या पिशव्या चिकटल्या होत्या, घेवड्याच्या बियांसारख्या, ओळीनं. आणि त्यांच्यातून झुरळांची केसाएवढी पिल्लं चहूकडे पळाली.

"झाका ते, बाई," दादा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. ते मागच्या अंगणात गेले आणि मला त्यांच्या ओकण्याचा आवाज ऐकू आला. परत आले तेव्हा तोंड धुऊन, शर्ट बदलून आले होते.

"माझ्या घरात," ते म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांची जहाजं साफ केली. आणि ही झुरळं माझ्या बायकोच्या समोर, माझ्या नाकाखाली पिल्लं घालत होती."

"ऊब असते दादा आत. कुणाच्याही घरात होतं."

"कुणाला सांगू नका. उबाल्दिनाला तर नाहीच."

ते सगळं धूड त्यांनी अंगणात नेऊन जाळलं. फक्त डिस्क वाचवली, आणि तीही मी स्पिरिटनं पुसून दाखवली तेव्हा.

आता नवं जुळवायचं होतं. खोका, वीज देणारा डबा, मेमरी, हे कुठलंही चालतं; सगळं अडतं ते मदरबोर्डावर, कारण बाकीचं त्याच्यावर बसतं. मी दादांना कागदावर चित्र काढून समजावलं. म्हटलं, मोठा बोर्ड घेऊ नका, आपल्याला फक्त चित्र दाखवायचंय. छोटा घेऊ, ज्याच्यावर प्रोसेसर कारखान्यातूनच बसवलेला असतो. तो कमी तापतो, म्हणून वर नुसत्या धातूच्या पट्ट्या असतात, पंखा नसतो. पंखा नाही म्हणजे घरघर नाही. झटक्यानंतर उबाल्दिनाला कसलीही घरघर सहन होत नव्हती, फ्रीज सुरू झाला तरी ती कपाळ धरायची. शिवाय टीव्हीसाठी एचडीएमआय हवं, आणि दादांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी लाल उजेडातून आवाज नेणारं ते भोक. ते हल्ली सगळ्या बोर्डांवर नसतं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भोकं किती?"

"कसली भोकं?"

"आत शिरायची."

मी हसले. ते हसले नाहीत.

हे सगळं फुल्टनच्या कानावर गेलं. फुल्टन म्हणजे उबाल्दिनाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्याला वाढवलेला. आईस्क्रीमच्या गाडीच्या खालच्या फळीवर तो झोपायचा म्हणे. आता त्याचा बाहिया बाजारात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा गाळा होता. गळ्यात साखळी, अंगावर अत्तर, बोलणं असं की ऐकणारा खिशात हात घालणारच. तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

"दाजी, मी मेलो का? घरचं दुकान सोडून बाहेर बोर्ड शोधताय?"

त्यानं फोनवर एक बोर्ड दाखवला. चालू केला की त्याच्या कडांना लाल, हिरवे, जांभळे दिवे पळायचे.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"हल्ली असाच घेतात. तरुण पोरं वेडी होतात याला."

"मला माझ्या बायकोला मालिका दाखवायच्यात, फुल्टन. तिला नाइटक्लबात न्यायचं नाहीये."

"बरं, बरं. म्हाताऱ्यांचा बोर्ड आणतो. छोटा, बिनपंख्याचा. बाई म्हणतात तस्साच. सीलबंद, नवाकोरा!"

 दादांना फुल्टनच्या अत्तराचाही वास सोसत नसे. पण उबाल्दिनानं डावा हात भावाच्या गालावर ठेवला आणि दादांकडे बघून मान हलवली. तिच्यापुढे ते काय बोलणार? "आण," म्हणाले.

रविवारी जेवायला मलाही बोलावलं होतं. दादांनी स्वतः बकऱ्याचा रस्सा केला होता, पिवळा भात, तळलेली पिकी केळी. त्यांच्या हातचं मी डोळे मिटून खाते, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात औषधाच्या दुकानापेक्षा जास्त स्वच्छता असते. ताटं वाढून झाली होती. फुल्टन खोका घेऊन आला. वर प्लास्टिकचं चकचकीत आवरण, त्यावर चिकटपट्टी, सगळं नव्यासारखं.

"आधी जेवू," दादा म्हणाले.

"आधी ताईला दाखवू दे!" असं म्हणत त्यानं टेबलावरच्याच सुरीनं आवरण कापलं, चांदीच्या रंगाच्या पिशवीतून बोर्ड काढला आणि रश्श्याच्या भांड्याशेजारी, थेट पांढऱ्या चादरीवर ठेवला.

केबल लावायच्या भोकातून आधी दोन मिशा आल्या. त्या हलल्या, थांबल्या, परत हलल्या. मग अख्खं झुरळ बाहेर आलं, मोठं, तेलकट तपकिरी रंगाचं, आणि बोर्डावरून उतरून चादरीवरून चालत उबाल्दिनाच्या ताटाच्या काठावर चढलं.

"शी!" उबाल्दिना म्हणाली.

स्पष्ट. खणखणीत. पूर्वी तिची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची तशी. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. झटक्यानंतर तिचा हा पहिला पुरा शब्द होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दादा खुर्चीतून अर्धे उठले, एक हात तिच्याकडे आणि दुसरा झुरळाकडे, आणि आनंद करायचा का मारायचं हे त्यांना कळेना. शेवटी मीच रुमालानं ते चिरडलं. रश्श्याच्या वासात तो दुसरा वास मिसळला. मी अजून बकऱ्याचं मटण खाऊ शकत नाही.

फुल्टन हसला. "दाजी, हे तुमच्या टेबलाखालचं दिसतंय! वय झालं तुमचं. आता तुमच्याच घराला औषध मारायला माणूस लावा."

दादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जळालेल्या कॉम्प्युटरमध्ये काय निघालं होतं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. दादांना तेवढ्यापुरतं खरंच वाटलं असणार की दोष आपल्याच घराचा आहे. मला फुल्टनची इतकी किळस कधी आली नव्हती. मी बोर्ड उचलला. स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या गोल खुणा होत्या, म्हणजे तो आधी कुठल्यातरी खोक्यात बसून निघालेला होता. पट्ट्यांच्या खाली काळी वाळकी घाण. आणि ज्या भोकातून ते झुरळ निघालं होतं, तिथं आत तशीच एक तपकिरी अंड्यांची पिशवी चिकटलेली.

"फुल्टन, हा नवा नाही," मी म्हटलं. "आणि हे झुरळ पण इथलं नाही. हे बघ."

"बाई, तुम्ही पोरांना माउस धरायला शिकवा. धंद्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"ऊठ," दादा म्हणाले.

"अहो दाजी, गंमत केली—"

"जेवून ऊठ म्हणणार होतो. पण तू समोर असताना कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही. ऊठ."

तो उठला. जाताना बहिणीच्या कपाळाचं चुंबन घ्यायला वाकला, तिनं चेहरा बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी दादांनी बोर्ड दोन पिशव्यांत घट्ट बांधला आणि मला म्हणाले, "चला बाई. हे त्याच्या तोंडावर टाकून येऊ." मी त्यांना म्हटलं, पैसे त्यानं घेतलेलेच नाहीत, सोडा. ते म्हणाले, "मग हे माझ्या घरात कशाला ठेवू?"

फुल्टनचा गाळा बाजाराच्या आतल्या बाजूला, दुमजली. खाली काउंटरवर कुणी नव्हतं. मागून घासल्याचा आवाज येत होता, म्हणून आम्ही पडदा सारून आत गेलो. दोन बायका पाटावर बसून दात घासायच्या ब्रशांनी मदरबोर्ड घासत होत्या. समोर टब. त्यातलं पाणी चहासारखं, वर पाय, पंख, धुळीच्या गुठळ्या तरंगत होत्या. भिंतीला धुतलेले बोर्ड केस वाळवायच्या मशीनसमोर उभे करून ठेवलेले. बाजूला नव्या खोक्यांची चवड आणि प्लास्टिकचं आवरण घालायचं यंत्र. बंद पडलेल्या इंटरनेटच्या दुकानांतून, कारखान्यांतून, कुठून कुठून आलेला तो माल. वास असा होता की मी रुमाल तोंडावर धरला. तोरिबिओदादा मात्र तिथं उभे राहून त्या टबाकडे बघत राहिले. जहाजाच्या पोटात त्यांनी याहून जास्त बघितलं असेल. 

फुल्टन वरून जिना उतरून आला. आम्हाला तिथं बघून आधी चिडला, मग लगेच गोड झाला.

"दाजी, बसा ना. थंड काही मागवू?"

"इथं?" दादा म्हणाले. "इथं मी श्वाससुद्धा मोजूनच घेतोय."

"असं बघा, सगळेच करतात. नवा बोर्ड घ्यायची ऐपत किती जणांची आहे या शहरात? मी जुनं घेतो, धुतो, तपासतो, चालू करून देतो. कुणाचं नुकसान? उलट गरिबाचं काम होतं."

मला त्यातलं थोडं पटलं, हे खोटं का सांगू? मीही शाळेच्या मोडीतल्याच कॉम्प्युटरवर पोरं शिकवली.

"मग धुतलेला म्हणून विक ना," दादा म्हणाले. "बाहेर पाटी लाव. मी स्वतः येऊन धुरी देऊन जाईन, फुकट. तुझे बोर्ड असे साफ करून देईन की त्यावर भात वाढून खाशील. फक्त नवा म्हणू नकोस."

"धुतलेला म्हटलं की निम्म्या भावात मागतात."

"आणि बहिणीला? तिला का नवा म्हणालास? ती तर फुकटच घेत होती."

 फुल्टन खांदे उडवून म्हणाला, "सवय आहे, दाजी. तोंडातून तेच निघतं."

एवढ्यात पुढं एक बाई आली. तिच्या मुलीला कॉलेजसाठी काहीतरी हवं होतं. फुल्टन धावत पुढे गेला आणि आम्हाला पडद्यामागून त्याचा आवाज आला, "सीलबंद आहे ताई, कारखान्यातून थेट!" दादा पडदा सारून बाहेर गेले, पिशव्या सोडल्या, बोर्ड तिच्यासमोर उलटा धरून हलवला. ती अंड्याची पिशवी काउंटरवर पडली.

"हा असा आहे नवा माल," ते म्हणाले. "मागच्या खोलीत टब आहे. बघून या."

ती बाई बघायला गेली नाही, सरळ निघून गेली. आणि फुल्टन जे बोलला ते मी लिहीत नाही. दादांच्या धंद्याबद्दल बोलला, म्हातारपणाबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, "बायको लुळी पडली तुमची, तरी तोरा जात नाही." पडद्यातून त्या दोन बायका डोकावून बघत होत्या, हातातले ब्रश तसेच. दादांनी त्यांना मान लववून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

 रस्त्यावर आल्यावर आम्ही नदीच्या बाजूला कठड्यापाशी उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "बाई, उबाल्दिनानं वाढवलं ना याला? आईस्क्रीम विकून?" मी हो म्हटलं. 

बोर्ड आम्ही त्याच दिवशी दुसरीकडून घेतला. एका सरळमार्गी दुकानातून, जिथं बाई पावती देते आणि खोका तुमच्यासमोर फोडते. तिच्याकडे तीन होते. पहिल्याला पंखा नव्हता पण आवाजाचं ते लाल भोकही नव्हतं. दुसऱ्याला सगळं होतं, पण धातूच्या पट्ट्या इतक्या बुटक्या की आमच्या उकाड्यात तो तापून बंद पडला असता. तिसरा जरा महाग, पट्ट्या उंच, मेमरीला दोन जागा, टीव्हीचं भोक, आवाजाचं भोक, सगळं जागेवर. दादांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि हुंगला. दुकानदारीण माझ्याकडे बघायला लागली.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"कसलाच नाही," ते म्हणाले. "हाच द्या."

घरी मी सगळं जुळवलं. दादांनी खोक्याच्या प्रत्येक फटीला आतून बारीक तारेची जाळी चिकटवली, हवा जाईल पण मिशी जाणार नाही अशी. डिस्क लावली, टीव्ही चालू केला. काहीच आवाज झाला नाही. उबाल्दिनाला वाटलं चालूच नाही. मग पडद्यावर ती स्वतः आली, गाडीमागे उभी, पोलिसाला झापत, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून तिचा तो भरघोस आवाज खोलीभर झाला. तिनं डावा हात दादांच्या गुडघ्यावर ठेवला.

त्या "शी"नंतर तिला हळूहळू आणखी शब्द सापडायला लागले. घरी येऊन तिला व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, होतं असं कधीकधी. "पाणी" आला, "नको" आला, "बाई" आला. आणि मग एका सकाळी आला "फुल्टन". तिनं तो दोनदा म्हटला आणि जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

दादांनी निरोप पाठवला. रविवारी फुल्टन आला, अत्तर लावून, केक घेऊन, जणू काही झालंच नाही. बहिणीच्या पायाशी बसला, रडलाही जरा. दादांनी त्याला नीट वाढलं, हातानं पाणी दिलं. स्वतःचं ताट मात्र घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभ्यानं जेवले. तेव्हापासून दर रविवारी असंच.

मी एकदा म्हटलं, "दादा, झालं गेलं. किती दिवस राग धरणार?"

"राग नाहीच आहे बाई मला," ते म्हणाले. "राग असता तर बरं होतं, दोन शिव्या देऊन संपवला असता. मला त्याच्या हाताकडे बघवत नाही. तो पाव घेतो ना, तरी मला तो टब दिसतो. काय करू?"

परवाच्या रविवारी मी तिथंच होते. फुल्टननं टीव्हीचा आवाज ऐकून बोर्डाची तारीफ केली, कुठला आहे विचारलं, खाली वाकून बघितलं. दादा दारात उभे होते. निघताना फुल्टन सहज म्हणाला, "दाजी, त्याचा खोका ठेवलाय का हो? आतल्या पिशवीसकट? पडूनच असेल तर मला द्या."

 उबाल्दिना त्याच्याकडे बघत राहिली. दादा आत गेले. खोका घेऊन आले, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या ताटांतली हाडं, उरलेला रस्सा, केळ्यांच्या साली, खरकटा भात त्यात चमच्यानं नीट लोटला. झाकण लावलं. चारही कडा दाबून बसवल्या. आणि तो खालून गळणारा खोका फुल्टनच्या हातात दिला.

त्याच्या बुटांवर रस्सा ठिबकला. तो खोका तसाच धरून गल्लीतून चालत गेला. कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनी त्याचा पाठलाग केला, पण त्यानं तो टाकला नाही.